शिरा परत का येतात? व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारांचा इतिहास



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो सुरू होतो एका रोजच्या तक्रारीतून. "पायाच्या शिरांचं ऑपरेशन केलं, तीन-चार वर्षं बरं होतं, आता पुन्हा फुगल्या." पूर्णेला, परभणीला, नांदेडला, कुठंही चार माणसं बसली की त्यांतल्या एकाच्या घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. त्यापुढं लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक, डॉक्टरनं फसवलं. दोन, हा आजार जातच नाही, उगाच पैसे घालू नका.

दोन्ही निष्कर्ष अर्धवट आहेत, आणि दुसरा जास्त घातक आहे. कारण तो ऐकून माणूस दवाखान्यात जाणंच सोडून देतो. मग घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाज सुटते आणि एक दिवस तिथं जखम होते. ती महिनोन्‌महिने भरत नाही. हे टाळता येण्यासारखं असतं. म्हणून आज आपण बघणार आहोत की माणसानं या शिरांवर किती शतकं, कसे उपाय केले, ते परत परत का फसले, आणि त्या फसण्यातून वैद्यकाला काय कळलं.

हा विषय पूर्णेत का?

पूर्णा हे रेल्वेचं गाव. निजामाच्या काळात मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली. पुढं इथून हिंगोलीकडं फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. जंक्शन म्हटलं की आल्या शंटिंग, कोळसा, पाणी, लोको आणि रात्रपाळ्या. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन बसून काम करत नसे. तो भट्टीसमोर उभा राहून फावड्यानं कोळसा टाकत असे, तेही धगीत. इंजिनं बदलली, पुढं रूळ रुंद झाले. पण स्टेशनाबाहेरचा चहावाला, हॉटेलातला वाढपी, कटिंगच्या दुकानातला कारागीर, कापडदुकानातला सेल्समन, शाळेतले गुरुजी, चौकातला हवालदार ही सगळी माणसं आजही दिवसाचे आठ-दहा तास उभीच असतात.

घरातही एक बदल झालाय, तो आपल्या लक्षात येत नाही. आजीनं आयुष्यभर चुलीपुढं बसून स्वयंपाक केला. सून गॅसच्या ओट्यापुढं उभी राहून करते. उभं राहणं हे या आजाराचं एकमेव कारण नाही. आई-वडिलांकडून आलेला शिरांचा कच्चेपणा, वय, गरोदरपण आणि वजन ही कारणंही आहेतच. पण उभं राहणं हा धागा आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचा आहे.

पायातलं पाणी वर कसं चढतं?

आधी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर इतिहास कळणार नाही.

हृदय रक्त खाली ढकलतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते परत वर कसं येतं, हे फारसं कुणी विचारत नाही. घोट्यापासून हृदय चार फूट उंचावर. उताराच्या उलट पाणी न्यायचं तर मोटर लागते, आणि पायातली मोटर म्हणजे पोटरी. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात. विहिरीच्या पाइपाला फूटव्हॉल्व बसवतो ना, तसं समजा. फरक एवढाच की इथं एक नाही, वाटेत अनेक आहेत.

माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या साधारण ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालायला लागला की तो २०-३० पर्यंत उतरतो. म्हणजे दिंडीत चालणाऱ्या पायापेक्षा दर्शनबारीत तीन तास उभ्या असलेल्या पायावर दाब जास्त असतो. आपल्याला वाटतं त्याच्या हे बरोबर उलटं आहे.

आता, पायात शिरांचे दोन थर असतात. एक खोल, स्नायूंच्या आत. दुसरा वर, कातडीखाली. दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या शिरा असतात, त्यांना आपण जोडशिरा म्हणू. वरच्या थरातली मोठी शीर घोट्याच्या आतल्या बाजूनं निघते आणि जांघेत जाऊन खोल शिरेला मिळते. दुसरी, लहान शीर पोटरीच्या मागून वर येते आणि बहुतेकांत गुडघ्याच्या लवणीत खोल शिरेला मिळते. शिरेची भिंत सैल पडली की झडपेची दोन पानं एकमेकांना टेकत नाहीत. रक्त वरून खाली गळायला लागतं. खालच्या झडपेवर भार वाढतो, मग तीही जाते. शिरा लांबतात, वळतात, गुंतवळ दिसायला लागते.

तेव्हा दिसणारी फुगलेली शीर हा परिणाम आहे. गळती बहुतेक वेळा दुसरीकडं, वर कुठंतरी असते. हे एक वाक्य समजायला वैद्यकाला तीन हजार वर्षं लागली.

जुने लोक काय करत?

इजिप्तमध्ये सापडलेल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या लिखाणात, पायावरच्या सापासारख्या वळणदार फुगवट्यांचा उल्लेख आहे आणि त्यावर शस्त्र चालवू नये असा सल्ला आहे, असं इतिहासकार वाचतात. रक्तस्रावाची भीती त्यामागं असणार.

आपल्याकडं सुश्रुतसंहितेत 'सिराज ग्रंथी' येते. अशक्त माणसानं ताकदीबाहेर श्रम केले की वायू शिरांना आखडतो, पिळतो आणि गाठ तयार होते, अशी तिची मांडणी आहे. काही अभ्यासक ती व्हेरिकोज व्हेन्सशी जोडतात, काही जण धमनीच्या फुगवट्याशी. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की शरीरावरचा भार आणि शीर यांचा संबंध तिथं नोंदला आहे. आणि कोणत्या गाठीला हात घालू नये, हेही सांगितलं आहे. शीर टोचून रक्त काढणं आणि जळवा लावणं या दोन्हींवर सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय आहेत. जळू लावण्याचा उपाय मराठवाड्याच्या खेड्यांतही जुन्या माणसांना माहीत आहे. त्यानं ठणका थोडा वेळ कमी झाल्यासारखा वाटतो. पण जळू रक्त काढते, झडप दुरुस्त करत नाही. माणूस उभा राहिला की शीर पुन्हा भरते.

ग्रीक वैद्यांच्या लिखाणात एक गोष्ट फार नेमकी आहे. पायाला जखम असलेल्या माणसानं उभं राहू नये, असं हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत सांगितलं आहे. पुढं रोममध्ये सेल्ससनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन उपाय दिले. शीर डागायची किंवा कापून काढायची.

हे किती वेदनेचं होतं त्याची एक गोष्ट प्लुटार्कनं लिहून ठेवली आहे. गायस मारियस हा रोमचा नामांकित सेनापती. त्याच्या दोन्ही पायांवर शिरा फुगल्या होत्या. त्यानं स्वतःला बांधून न घेता, हूं की चूं न करता एक पाय कापून घेतला. वैद्य दुसऱ्या पायाकडं वळला, तेव्हा मारियस नको म्हणाला. एवढ्या वेदना सोसाव्यात एवढा काही हा फायदा नाही, असं त्याचं म्हणणं. उपचार आणि फायदा यांचा हिशेब रुग्णानं स्वतः मांडल्याचं हे एक जुनं उदाहरण आहे.

या सगळ्या उपायांत एक समान धागा दिसेल. जी शीर डोळ्याला दिसते, तिच्यावर हल्ला करायचा. गळती कुठून आहे हे शोधायचंच नाही, कारण रक्त फिरतं हेच ठाऊक नव्हतं.

झडप सापडली

इटलीत पादुआला फाब्रिसियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता. त्यानं शिरांतल्या झडपा नीट पाहिल्या, चित्रं काढली आणि १६०३ मध्ये पुस्तक छापलं. पण त्याला वाटलं, या झडपा रक्ताचा वेग कमी करण्यासाठी आहेत, हातापायांत रक्त साचू नये म्हणून. त्याच्याकडं शिकलेला इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे यानं १६२८ मध्ये खरा अर्थ सांगितला. झडपा एकाच दिशेनं उघडतात, रक्त हृदयाकडं जावं म्हणून. हार्वेनं यासाठी साधा प्रयोग दाखवला. दंडाला पट्टी बांधायची, हाताची शीर फुगली की बोटानं रक्त सरकवून बघायचं. खांद्याकडं सरकतं, पंजाकडं सरकत नाही.

तरीही उपचार बदलायला अडीचशे वर्षं गेली. कारण कळलं तरी मोठी चिरफाड करायची कशी? वेदना आणि पू, हे दोन अडथळे होते. १८४६ मध्ये ईथर आलं, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म, आणि १८६७ पासून लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया.

इथं आपल्या भागाचा एक संबंध येतो. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत एडवर्ड लॉरी या सर्जनच्या पुढाकारानं आणि निजाम सरकारच्या खर्चानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद होता. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची भीती नाही, असा निष्कर्ष निघाला. तो पुढं पूर्ण बरोबर ठरला नाही. पण भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा जगभरचा वाद तेव्हा हैदराबादेत लढला जात होता, हे आपल्याला माहीत असावं.

ट्रेंडेलनबर्ग आणि पहिला धडा

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीत बॉनला फ्रीडरिख ट्रेंडेलनबर्ग काम करत होते. त्यांनी रुग्णाला आडवं करून पाय वर उचलला, शिरा रिकाम्या केल्या, मांडीवर मोठी शीर अंगठ्यानं दाबून धरली आणि रुग्णाला उभं केलं. शिरा रिकाम्याच राहिल्या. अंगठा काढल्याबरोबर वरून रक्त धबाधबा खाली आलं आणि शिरा भरल्या. म्हणजे गळती वरून आहे. ही परीक्षा आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतात. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून तीस-एक किलोमीटरवर आहे. तिथल्या मुलांनाही ट्रेंडेलनबर्ग हे नाव पाठ असणार.

१८९१ मध्ये त्यांनी उपाय प्रसिद्ध केला. मांडीत मोठी शीर बांधायची, म्हणजे वरचं गेट बंद. खालचा भार संपला की शिरा आपोआप बसतील. तर्क चोख होता आणि बऱ्याच रुग्णांना फायदाही झाला. पण त्यांचेच शिष्य गेओर्ग पेर्टेस यांनी चार वर्षांनी जुन्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा काहींच्या शिरा परत आल्या होत्या.

का? आपल्या भागात कालव्याच्या पाण्यावर दारं धरलेल्या माणसाला हे सांगायला नको. चारीचं एक दार बंद केलं आणि त्याच्या वर दुसरं दार उघडं राहिलं, तर पाणी तिकडून वावरात शिरतं. ट्रेंडेलनबर्गनी शीर मांडीच्या मध्यावर बांधली. तिच्या वर, जांघेपर्यंत, चार-पाच उपशिरा मोकळ्याच होत्या. रक्तानं त्यांतून वाट काढली.

म्हणून पुढच्या लोकांनी गाठ वर सरकवली. १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन होमन्स यांनी आग्रह धरला की थेट जांघेतल्या सांध्यापाशी बांधा आणि तिथल्या सगळ्या उपशिरा वेगळ्या करा. दरम्यान १९०५ ते १९०७ या तीन वर्षांत केलर, मेयो आणि बॅबकॉक या तीन अमेरिकन सर्जननी शीर आख्खी उपसून काढण्याची वेगवेगळी साधनं बनवली. बॅबकॉकची पद्धत अशी की शिरेत तार घालायची, तिच्या टोकाला गोंडा असतो, आणि ओढून शीर बाहेर काढायची. यालाच 'स्ट्रिपिंग' म्हणतात. विसाव्या शतकाचा मोठा भाग हीच शस्त्रक्रिया जगभर चालली.

सुईचा मार्ग

दुसरा मार्ग सुईचा. १८५३ मध्ये प्रावाझची पिचकारी आली आणि शिरेत दाहक औषध टोचून ती चिकटवायची कल्पना पुढं आली. सुरुवातीची औषधं भयंकर होती, संसर्ग व्हायचे. विसाव्या शतकात औषधं सुधारली. १९५० नंतर डब्लिनमध्ये जॉर्ज फेगन यांनी सुई टोचून वर घट्ट पट्टी बांधायची आणि रुग्णाला रोज मैलोन्‌मैल चालायला लावायचं, अशी पद्धत रूढ केली. ऑपरेशन नाही, मुक्काम नाही. रांगा लागल्या.

मग लंडनचे हॉब्स यांनी दोन गट पाडून तुलना केली, १९७४ मध्ये निष्कर्ष दिले. पहिल्या वर्षी सुईवाले खुश. सहा वर्षांनी बघितलं तर मोठ्या शिरेतली गळती असलेल्यांत ऑपरेशनवाले पुढं.

इथं एक धडा मिळाला तो आजही कामाचा आहे. या आजारात 'यश' हा शब्द ऐकला की लगेच विचारावं, किती वर्षांनी बघितलं? तीन महिन्यांनी जवळपास प्रत्येक उपचार यशस्वी दिसतो.

मग 'परत येणं' हाच अभ्यासाचा विषय झाला

१९८० नंतर रंगीत डॉपलर सोनोग्राफी आली. कातडी न फाडता रक्त कुठून कुठं जातंय, हे पडद्यावर दिसायला लागलं. तोवर परत आलेल्या शिरांबद्दल एकच उत्तर असायचं. आधीच्या सर्जननं नीट केलं नाही. आता तपासून बघता आलं.

१९९८ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांची बैठक झाली आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या शिरांचं वर्गीकरण ठरलं. ढोबळमानानं चार कारणं निघाली.

पहिलं, निदानातली चूक. गळती दोन ठिकाणी होती, एकच हेरली. जांघेतली दुरुस्त केली, गुडघ्याच्या लवणीतली राहिली. किंवा ओटीपोटातल्या शिरांतून येणारी गळती कुणी बघितलीच नाही. बऱ्याच बाळंतपणांनंतर बायकांत ती सापडते.

दुसरं, करण्यातली चूक. गाठ खाली बसली, एखादी उपशीर राहिली, शीर अर्धीच निघाली.

तिसरं कारण चकित करणारं होतं. सर्जननं सगळं नीट केलं, तरी बांधलेल्या टोकापाशी शरीरानं नव्या बारीक शिरा उगवल्या. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतातच, तो भरण्याचाच भाग आहे. पण जांघेत त्या जुन्या टोकाला आणि खालच्या शिरांना जोडून घेतात. त्यांच्या भिंती पातळ आणि आत बहुधा झडपा नाहीत. म्हणजे बंद केलेली वाट शरीरानं आडवाटेनं पुन्हा जोडली. हे थांबवायला टाक्यावर कृत्रिम पडदा लावून बघितला गेला, निकाल कुठं बरे, कुठं काहीच नाही.

चौथं, मूळ आजार पुढं सरकला. ज्या शिरा तेव्हा चांगल्या होत्या त्यांच्याही भिंती सैल पडल्या. ऑपरेशननं एक शीर काढली, पण रुग्णाच्या शिरांचा स्वभाव बदलला नाही. वय वाढलं, वजन वाढलं, आणखी बाळंतपण झालं, काम तेच उभ्याचं राहिलं.

बघा, चारपैकी पहिली दोन कारणं डॉक्टरच्या हातातली आहेत. उरलेली दोन नाहीत. म्हणून 'परत आल्या म्हणजे फसवलं' हे सरसकट खरं नाही, आणि 'परत येणारच' म्हणून डॉक्टरला सरसकट माफही करता येत नाही. नेमकं कोणतं कारण, हे सोनोग्राफीनं कळतं आणि ते विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या सर्जननी नुसती शीर बांधणं आणि बांधून उपसणं यांची तुलना करून रुग्णांना अकरा वर्षं बघितलं. निम्म्याहून जास्त लोकांच्या पायावर शिरा पुन्हा दिसत होत्या. पण ज्यांची शीर उपसली होती त्यांना पुन्हा ऑपरेशन करायची वेळ कमी आली. शिरा दिसणं आणि पुन्हा ऑपरेशन लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चार बारीक शिरा वर आल्या म्हणजे उपचार वाया गेला असं होत नाही.

लेझर आलं, आजार तोच

२००० च्या आसपास नवं पर्व आलं. सोनोग्राफी बघत शिरेत बारीक तार घालायची आणि आतून उष्णतेनं शीर बंद करायची, लेझरनं किंवा रेडिओलहरींनी. कातडीवर टोचल्याएवढी खूण. रुग्ण त्याच दिवशी घरी. त्याच काळात इटलीच्या टेस्सारी यांनी दोन सिरिंज एकमेकींना जोडून औषधाचा फेस बनवण्याची सोपी युक्ती काढली. पुढं शीर आतून चिकटवणारा गोंदही आला.

जाहिराती आता म्हणतात, लेझर केलं की कायमची सुटका. इतिहास काय म्हणतो? जांघ उघडलीच नाही म्हणून नव्या शिरा उगवण्याचं प्रमाण घटलं, हे खरं. पण बंद केलेली शीर काहींत पुन्हा उघडते, किंवा जांघेतल्या शेजारच्या उपशिरेतून गळती सुरू होते. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर लेझर, रेडिओलहरी, फेस आणि स्ट्रिपिंग अशा चारही पद्धतींची तुलना झाली. फेसानं बंद केलेल्या शिरा जास्त उघडल्या. बाकी तिघांत परत येण्याच्या बाबतीत फार मोठा फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले. लेझर आणि ऑपरेशनवाल्यांचं रोजचं जगणं फेसवाल्यांपेक्षा बरं होतं.

म्हणजे लेझर वाईट का? अजिबात नाही. वेदना कमी, कामावर लवकर जाता येतं, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला हे फार मोठं आहे. फक्त 'कायमचं' हा शब्द त्याला लावू नये.

आणि उपचार करायचाच कशाला, या प्रश्नालाही अभ्यासानं उत्तर दिलंय. २००४ मध्ये पायाला जखम असलेल्या ५०० रुग्णांचा इंग्लंडमधला अभ्यास छापून आला. एका गटाला दाबपट्टी, दुसऱ्याला दाबपट्टी अधिक ऑपरेशन. जखम भरायचं प्रमाण दोन्हींत सारखंच. पण वर्षभरात जखम परत होण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीत २८ टक्के, ऑपरेशनसह १२ टक्के. शिरा परत येतात म्हणून ऑपरेशन नको म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

जे कुणी कापलं नाही

या तीन हजार वर्षांत शीर डागली, कापली, बांधली, उपसली, टोचली, जाळली, चिकटवली. एक गोष्ट मात्र बहुतेक दवाखान्याबाहेर राहिली. ती म्हणजे उभं राहणं.

डेन्मार्कमध्ये कामकरी लोकांवर बारा वर्षं नजर ठेवली. ज्यांचं काम मुख्यतः उभ्यानं किंवा फिरून होतं त्यांना या शिरांसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता इतरांच्या पावणेदोन पटीच्या आसपास निघाली. पुरुषांतही आणि बायकांतही. आणि हा 'बायकांचा आजार' म्हणणाऱ्यांसाठी एडिंबरामधली पाहणी आहे. १८ ते ६४ वयाच्या लोकांत मुख्य शिरा फुगलेल्या पुरुषांत ४० टक्के आणि बायकांत ३२ टक्के निघाल्या. पुरुष लुंगी-पँट खाली सोडतो आणि गप्प बसतो, एवढंच.

बसायला मिळावं म्हणून कायदेही झाले. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानातल्या दर तीन स्त्री-नोकरांमागं एक बैठक ठेवण्याचा कायदा झाला. आपल्या देशात १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम ४४ सांगत होतं की उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा टेकायला बसण्याची सोय ठेवली पाहिजे. पण कापडदुकान म्हणजे फॅक्टरी नव्हे. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथं दुकानांच्या कायद्यात बदल झाला. २०२१ मध्ये तामिळनाडूनं तसंच केलं. 'गिऱ्हाईक आल्यावर नोकर बसलेला दिसला तर बरं दिसत नाही', हे आपल्या बाजारपेठेतही मालक म्हणतात. त्या 'बरं दिसत नाही'ची किंमत कुणाच्या पायात जमा होते, ते आपण बघितलं.

दाबमोज्यांची गोष्टही इथंच सांगतो. कॉनराड जॉब्स्ट हा अमेरिकेतला इंजिनिअर, त्याला स्वतःला शिरांचा त्रास. पोहण्याच्या तलावात उभं राहिल्यावर पाय हलके वाटतात हे त्यानं ओळखलं. पाणी खाली जास्त दाबतं, वर कमी. तसाच मोजा करावा, घोट्याला घट्ट आणि वर सैल, ही त्याची कल्पना. गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्यालाही हा आराम मिळतो, त्यामागचं कारण हेच. मात्र मोजा घातलेला असेपर्यंतच काम करतो. आणि तंबाखू-बिडीनं किंवा साखरेच्या आजारानं पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजा धोक्याचा. म्हणून घोट्याजवळची नाडी तपासून घेतल्याशिवाय तो घालू नये.

तर मग आपण काय करायचं?

ज्यांना पहिल्यांदा उपचार घ्यायचाय त्यांनी उभ्यानं केलेली डॉपलर सोनोग्राफी झाली आहे का ते बघावं, आणि डॉक्टरांना सरळ विचारावं की गळती कुठून आहे, एका ठिकाणाहून की दोन. खोल शिरेत जुनी गुठळी नाही ना, हेही विचारावं, कारण तिथला रस्ता बंद असेल तर वरची शीर काढणं घातक ठरू शकतं.

ज्यांच्या परत आल्यात त्यांनी जुने कागद आणि जुनी सोनोग्राफी घेऊन जावं. कागद फेकून देऊ नयेत. 'परत आल्या' एवढंच सांगण्यापेक्षा 'कुठून परत आल्या' हे शोधून घ्यावं. अनेकदा पुन्हा मोठं ऑपरेशन लागत नाही, एखादी शीर टोचून भागतं.

उभ्याचं काम असेल तर दर अर्ध्या तासानं चार पावलं चाला, जागच्या जागी टाचा उचला, घरी आल्यावर अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडा. शीर फुटून रक्त आलं तर घाबरून उभं राहू नका. आडवे व्हा, पाय वर करा, स्वच्छ फडक्यानं दाबून धरा आणि मग दवाखाना. घोट्याजवळ कातडी काळी पडली, खाज सुटली की थांबू नका. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला तर त्याच दिवशी दाखवा.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, दुकानदार, हॉटेलवाले, शाळेचे मुख्याध्यापक, त्यांना आमची एक विनंती. काउंटरमागं, भट्टीजवळ, वर्गात एक स्टूल ठेवा, आणि त्यावर बसलेल्या माणसाला उठवू नका. ट्रेंडेलनबर्गपासून लेझरपर्यंत सगळ्यांनी वरचं दार बंद करायचा प्रयत्न केला. खालचा दाब कमी करणं आपल्या हातात आहे आणि त्याला शे-दोनशे रुपयांचं स्टूल पुरतं.